ऑपरेशनआधीच्या गुंगीच्या औषधाने भुलेचा डोस किती बदलतो? घशात मास्क बसवताना भूलतज्ज्ञ काय पाहतात?

सकाळी सातची वेळ. मांजरीतलं एखादं छोटं हॉस्पिटल. चार वर्षांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. मूल रडतंय, आईच्या कडेवरून उतरायला तयार नाही. नर्स एका छोट्या कपात गोडसर औषध आणते, आई ते कसंबसं पाजते. वीसेक मिनिटांत मुलाचं रडणं थांबतं, डोळे जड होतात, आणि ते नर्सच्या कडेवर बसून निमूटपणे आत जातं.

बाहेर बसलेल्या नातेवाईकांपैकी कुणीतरी मग हमखास विचारतं, "अर्धं झोपलंच आहे, म्हणजे आता भूल कमी लागेल ना?"

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर 'हो, बहुतेक वेळा कमी लागते' असंच आहे. पण किती कमी, याचा एक ठरलेला आकडा नाही. कारण भूलतज्ज्ञाला पेशंटला फक्त झोपवायचं नसतं. झोपल्यावर त्याचा श्वास मोकळा राहावा म्हणून घशात एक साधन बसवायचं असतं. माणसाला झोप लागणं आणि त्याच्या घशाने ते साधन सहन करणं, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आधी दिलेलं औषध पहिल्या गोष्टीला जितकी मदत करतं, तितकीच दुसरीला करेल असं नसतं.

घशात नेमकं काय बसवतात?

पूर्ण भूल दिल्यावर जिभेचे आणि घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरकते आणि हवेची वाट अडते. घोरणाऱ्या माणसाचं जे होतं, तेच इथे जास्त प्रमाणात होतं. म्हणून ती वाट उघडी ठेवण्यासाठी काहीतरी आधार लागतो.

पूर्वी यासाठी दोनच मार्ग होते. तोंडावर मास्क धरून बसायचं, नाहीतर थेट श्वासनलिकेत नळी घालायची. नळीसाठी भूल खोल लागते आणि बहुतेक वेळा स्नायू पूर्ण शिथिल करणारं इंजेक्शनही द्यावं लागतं. छोट्या ऑपरेशनसाठी हे जरा जास्तच व्हायचं.

१९८१ साली लंडनमध्ये डॉ. आर्ची ब्रेन या भूलतज्ज्ञांनी यातून मधला मार्ग काढला. दातांच्या उपचारावेळी भूल देताना वापरल्या जाणाऱ्या मास्कचे भाग वापरून त्यांनी एक छोटी, फुगवता येणारी वाटी बनवली आणि ती नळीच्या टोकाला जोडली. ही वाटी श्वासनलिकेच्या आत जात नाही. स्वरयंत्राच्या तोंडावर झाकणासारखी बसते. १९८३ मध्ये त्यांनी यावर पहिला लेख लिहिला आणि १९८८ मध्ये हे साधन ब्रिटनमध्ये बाजारात आलं. त्याचं नाव लॅरिंजियल मास्क एअरवे. आपल्याकडच्या थिएटरमध्ये त्याला नुसतं 'एलएमए' म्हणतात. २००७ मध्ये 'आय-जेल' हा त्याचाच एक प्रकार आला. त्यात हवा भरावी लागत नाही, मऊ जेलसारख्या पदार्थाची वाटी तशीच घशाच्या आकारात बसते.

हर्निया, हाताचं फ्रॅक्चर, गाठ काढणं, डोळ्यांची काही ऑपरेशनं अशा ठिकाणी हे साधन सोयीचं पडतं. मात्र पोटातलं अन्न उलटून वर आलं, तर श्वासनलिकेतली नळी जितकं संरक्षण देते तितकं एलएमए देत नाही. म्हणून उपाशीपोटी राहण्याचा नियम इथे फार कडक. सर्वसाधारणपणे हलक्या जेवणानंतर सहा तास, तेलकट-जड जेवणानंतर आठ तास, आईच्या दुधानंतर चार तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास. 'मूल भुकेने रडत होतं म्हणून बिस्कीट दिलं' हे वाक्य ऐकून ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, तर त्यामागे हेच कारण असतं.

झोप आधी लागते, घसा नंतर ऐकतो

ब्रश करताना तो चुकून फार आत गेला की काय होतं? उबळ येते. घसा हा शरीराचा राखणदार आहे. अन्न किंवा पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून तो सतत सावध असतो. माणूस झोपला, तरी हा राखणदार लगेच झोपत नाही.

भूल हलकी असताना एलएमए आत सरकवला, तर पेशंट दात घट्ट आवळतो, खोकतो, हातपाय हलवतो. सगळ्यात वाईट म्हणजे स्वरतंतू एकमेकांना घट्ट चिकटतात आणि हवेचा रस्ताच बंद होतो. याला लॅरिंगोस्पाझम म्हणतात. लहान मुलांमध्ये याची भीती जास्त, त्यातही नुकतीच सर्दी झालेली असेल तर आणखी. मुलाचं नाक गळत असताना डॉक्टर ऑपरेशन दोन-तीन आठवडे पुढे नेतात, ते यामुळेच.

उलट बाजूही आहे. भूल जास्त झाली तर श्वास थांबतो आणि ब्लडप्रेशर घसरतं. तरुण माणूस हे काही मिनिटं सहन करतो. सत्तरीतल्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला ते महागात पडू शकतं.

म्हणजे भूलतज्ज्ञाला एका अरुंद पट्ट्यात राहायचं असतं. हा पट्टा कुठे सुरू होतो हे ओळखायच्या खुणा आहेत. औषध सोडल्यावर पेशंट आधी हाकेला उत्तर देणं थांबवतो. मग पापणीच्या केसांना हलका स्पर्श केला तरी पापणी हलत नाही. नवख्या माणसाला वाटेल, झालं काम. पण घसा अजून जागा असू शकतो. म्हणून अनेक भूलतज्ज्ञ दोन्ही हातांनी खालचा जबडा पुढे ओढून बघतात. या ओढण्याला पेशंटने काहीच प्रतिसाद दिला नाही, जबडा सैल लागला, तर एलएमए बसवायची वेळ आली असं समजतात. मशीनच्या पडद्यावरच्या आकड्यांइतकीच ही हाताला लागणारी खूण महत्त्वाची असते.

दुधासारखं पांढरं औषध

एलएमए जगभर पसरायला आणखी एक गोष्ट कारणीभूत ठरली. प्रोपोफॉल. आज शिरेतून भूल देण्यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हे औषध. ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीत डॉ. जॉन ग्लेन यांनी ते विकसित केलं. ग्लेन मुळात पशुवैद्य! १९७७ मध्ये माणसांवर पहिल्या चाचण्या झाल्या, पण औषध विरघळवायला वापरलेल्या पदार्थामुळे काहींना ॲलर्जीचा त्रास झाला आणि ते मागे घ्यावं लागलं. मग सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या लेसिथिनच्या मिश्रणात ते नव्याने तयार केलं गेलं आणि १९८६ मध्ये बाजारात आलं. त्याचा पांढरा रंग या मिश्रणामुळेच. या कामासाठी ग्लेन यांना २०१८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

त्याआधी वापरलं जाणारं थायोपेंटोन माणसाला पटकन झोपवायचं, पण घशाच्या प्रतिक्रिया तितक्या दबायच्या नाहीत. प्रोपोफॉल दोन्ही करतं. जबडा सैल करतं, घसाही शांत करतं. म्हणून एलएमए आणि प्रोपोफॉल यांची जोडी जमली.

डोसचं गणित वजनावर चालतं. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकानुसार ५५ वर्षांखालच्या निरोगी माणसाला भूल सुरू करायला किलोमागे २ ते २.५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ते १५० मिलिग्रॅम. वयस्कर किंवा आजारी माणसाला किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच वजनाला ६० ते ९० मिलिग्रॅम. तीन ते सोळा वर्षांच्या मुलांना मात्र किलोमागे २.५ ते ३.५ मिलिग्रॅम. मुलांना किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त औषध लागतं, हे ऐकून पालक दचकतात. पण मुलांच्या शरीरात औषध लवकर पसरतं आणि लवकर बाहेरही पडतं.

हा सगळा डोस एकदम ढकलत नाहीत. निरोगी मोठ्या माणसाला साधारण दर दहा सेकंदांना ४० मिलिग्रॅम, वयस्करांना २० मिलिग्रॅम, असं थांबत थांबत, पेशंटकडे बघत देतात.

आधीच्या औषधाने काय बदलतं?

भुलेआधी औषध देण्याची कल्पना भुलेइतकीच जुनी म्हणता येईल. १८४६ च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग झाला आणि पुढच्याच वर्षी, मार्च १८४७ मध्ये, कोलकात्यात ईथर वापरलं गेलं. १८६० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांना प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की मॉर्फिन आधी दिलं असेल तर क्लोरोफॉर्म कमी पुरतं. आजच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर.

क्लोरोफॉर्म नक्की कसं मारतं यावरचा त्या काळातला मोठा वाद तर आपल्या शेजारी, हैदराबादेत रंगला. मराठवाडा तेव्हा निझामाच्या राज्यात होता. निझामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये तिथे दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. त्यांचं म्हणणं होतं, नाडीपेक्षा श्वासाकडे बघा, आधी श्वास थांबतो. क्लोरोफॉर्म हृदयावरही थेट घाव घालतं हे नंतर सिद्ध झालं, म्हणजे कमिशनचा निष्कर्ष अर्धवटच ठरला. पण श्वासावरून नजर हलवायची नाही ही सवय टिकली.

आज भुलेआधी दिली जाणारी औषधं साधारण तीन गटांतली असतात.

पहिला गट भीती घालवणाऱ्या आणि गुंगी आणणाऱ्या औषधांचा. यातलं सगळ्यात प्रचलित नाव मिडाझोलॅम. मुलांना तोंडावाटे साधारण किलोमागे अर्धा मिलिग्रॅम देतात. ते चवीला फार कडू असतं, म्हणून गोड सिरपमध्ये मिसळून द्यायची पद्धत आहे. परिणाम वीस ते तीस मिनिटांत दिसतो. याचा आणखी एक गुण म्हणजे आठवण पुसट होते. थिएटरचे दिवे, सुई, मास्क, यातलं फारसं काही मुलाला नंतर आठवत नाही.

दुसरा गट क्लोनिडिन आणि डेक्समेडेटोमिडिन यांचा. ही औषधं मेंदूतलं जागं ठेवणारं केंद्र मंद करतात. येणारी गुंगी नैसर्गिक झोपेसारखी असते, हाक मारली की पेशंट डोळे उघडतो. श्वासावर परिणाम कमी, पण नाडी मंदावते आणि ब्लडप्रेशर उतरू शकतं. डेक्समेडेटोमिडिन मुलांना नाकात थेंब किंवा फवारा म्हणूनही देता येतं, मात्र परिणाम दिसायला मिडाझोलॅमपेक्षा जास्त वेळ लागतो. थिएटरची यादी घाईत असेल तर हे जमत नाही.

तिसरा गट फेंटानिलसारख्या तीव्र वेदनाशामकांचा. ही औषधं माणसाला फारशी झोपवत नाहीत. पण दुखणं, टोचणं, घशाला स्पर्श होणं यांना शरीर जी उसळून प्रतिक्रिया देतं, ती दाबतात.

इथेच मूळ प्रश्नाची गाठ सुटते. मिडाझोलॅम आधी दिलं, तर झोप लागायला लागणारं प्रोपोफॉल बऱ्यापैकी कमी होतं. पण घसा शांत करायला लागणारं प्रोपोफॉल त्याच प्रमाणात कमी होईलच असं नाही. फेंटानिलचं उलटं. झोपेच्या डोसमध्ये त्याने फार फरक पडत नाही, पण एलएमए बसवताना पेशंट उसळत नाही. म्हणून प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दोन्हींची थोडी थोडी मात्रा देऊन मग प्रोपोफॉल सुरू करतात.

औषधांची माहितीपत्रकंही हेच सुचवतात. प्रोपोफॉलचा २ ते २.५ मिलिग्रॅमचा आकडा आधी काहीही न दिलेल्यांना आणि आधी गुंगीची गोळी तोंडाने घेतलेल्यांना एकच दिलेला आहे. मात्र आधीचं औषध स्नायूत किंवा शिरेत दिलं असेल, विशेषतः मॉर्फिन-फेंटानिलसारखं किंवा त्यासोबत गुंगीचं दुसरं औषध असेल, तर डोस कमी लागू शकतो असं स्पष्ट म्हटलंय. मिडाझोलॅमनेच पूर्ण भूल द्यायची झाली (हल्ली असं क्वचित करतात), तर फरक आकड्यांतच दिसतो. ५५ वर्षांखालच्या माणसाला आधी काही दिलं नसेल तर किलोमागे ०.३ ते ०.३५ मिलिग्रॅम, दिलं असेल तर साधारण ०.२५. साठ किलोच्या माणसासाठी १८-२१ मिलिग्रॅमऐवजी १५.

एक आणि एक दोन नाही, तीन

मेंदूत 'गाबा' नावाचं एक रसायन असतं. ते मेंदूच्या पेशींना लागलेला ब्रेक. मिडाझोलॅम आणि प्रोपोफॉल दोन्ही याच ब्रेकवर काम करतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी हात लावून. मिडाझोलॅममुळे ब्रेकवरचा हलका पायसुद्धा जास्त लागतो. प्रोपोफॉल स्वतःच पाय देतं. दोघं एकत्र आले की परिणाम नुसता जोडला जात नाही, वाढतो. १९९१ मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश जर्नल ऑफ अ‍ॅनेस्थेशिया'त दाखवलं, की झोप आणण्याच्या बाबतीत या दोघांची जोडी एकेकट्या औषधापेक्षा जवळपास दीडपट ताकदीची ठरते.

ही जोडी चुकीच्या जागी वापरली तर काय होतं, हे जगाने पाहिलंय. १९९६ मध्ये मुंबईत अंधेरीत कार्यक्रम करून गेलेला मायकल जॅक्सन २५ जून २००९ रोजी लॉस एंजेलिसमधल्या घरात मरण पावला. शवविच्छेदन अहवालात मृत्यूचं कारण प्रोपोफॉलची तीव्र विषबाधा असं नोंदवलं गेलं आणि त्याला हातभार लावणाऱ्यांत मिडाझोलॅमच्या गटातल्या औषधांचा उल्लेख होता. झोप येत नाही म्हणून त्याला ही औषधं बेडरूममध्ये दिली जात होती. त्याच्या डॉक्टरला २०११ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवण्यात आलं. थिएटरमध्ये हीच औषधं रोज दिली जातात. पण तिथे ऑक्सिजन असतो, श्वास मोजणारं यंत्र असतं, आणि पेशंटवरून नजर न हलवणारा माणूस असतो.

'डोस इतके टक्के कमी' या बातम्या कशा वाचायच्या?

महाराष्ट्रात भूलशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे प्रबंध द्यावा लागतो. 'अमुक औषध आधी दिल्यावर एलएमए बसवायला प्रोपोफॉल किती लागतं' हा अशा प्रबंधांना साजेसा विषय. यासाठी वापरली जाणारी एक पद्धत ऐकायला मजेशीर आहे. पहिल्या पेशंटला एक ठरावीक डोस देतात. एलएमए विनात्रास बसला, तर पुढच्या पेशंटला एक पायरी कमी डोस. पहिला हलला किंवा खोकला, तर पुढच्याला एक पायरी जास्त. अशी वर-खाली शिडी चालत राहते आणि शेवटी एक आकडा मिळतो, ज्या डोसवर निम्म्या पेशंटमध्ये साधन नीट बसतं.

निम्म्या. हा शब्द बातम्यांत गळतो. निम्म्यांना पुरणारा डोस म्हणजे निम्म्यांना न पुरणारा डोस. थिएटरमध्ये समोरच्या एका माणसाला भूल द्यायची असते, त्यामुळे भूलतज्ज्ञ या आकड्याच्या बऱ्याच वर जाण्याची तयारी ठेवतात. शिवाय 'यशस्वी' कशाला म्हणायचं, हेही अभ्यासागणिक बदलतं. नुसती झोप लागली की यश, की घशाने एक खोकलाही न काढता साधन स्वीकारलं की यश? एकच औषध पहिल्या मोजपट्टीवर कमाल वाटेल आणि दुसऱ्या मोजपट्टीवर साधारण.

घरून घेऊन आलेली 'गुंगी'

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. हॉस्पिटलने दिलेलं औषध केसपेपरवर असतं. घरी घेतलेलं नसतं.

अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम या झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या अनेक घरांत असतात. ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोप येईना म्हणून आजोबांनी आजींच्या डबीतली एक घेतली, ती सकाळी कुणाला सांगितली नाही. या गोळ्या मिडाझोलॅमच्याच कुळातल्या. म्हणजे आजोबा आधीच अर्धवट 'प्रीमेडिकेशन' घेऊन आलेत, आणि भूलतज्ज्ञ त्यांना काही न घेतलेला माणूस समजून डोस ठरवतोय. उलट, ज्यांची रोजची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे, त्यांच्या मेंदूला तिची सवय झालेली असते. त्यांना नेहमीच्या डोसचा परिणाम कमी जाणवू शकतो. आणि अशी रोजची गोळी डॉक्टरांना न विचारता अचानक बंद करणंही धोक्याचं.

दारूचंही तसंच दुहेरी आहे. आदल्या रात्रीची दारू अंगात असेल तर भूल जास्त चढते. रोज पिणाऱ्याला मात्र झोपवायला जास्त प्रोपोफॉल लागतं, हे अभ्यासांत दिसलंय.

गांजाबद्दलचा एक अभ्यास तर या लेखाच्या विषयाला थेट भिडतो. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गांजा ओढणारे आणि न ओढणारे पुरुष यांची तुलना केली होती. मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या यंत्रावर झोप दिसण्यासाठी लागणाऱ्या डोसमध्ये दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. पण एलएमए नीट बसवण्यासाठी गांजा ओढणाऱ्यांना स्पष्टपणे जास्त प्रोपोफॉल लागलं. झोप सारखी, घसा वेगळा.

विशी-तिशीतला मुलगा आईवडिलांसमोर हे सांगत नाही, हे भूलतज्ज्ञांना ठाऊक असतं. म्हणून तपासणीवेळी ते नातेवाईकांना क्षणभर बाहेर थांबायला सांगू शकतात. त्यांना पोलिसांत तक्रार करायची नसते, फक्त डोस ठरवायचा असतो.

गुटख्याने बंद झालेलं तोंड

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी त्याचे जुने-नवे पेशंट थिएटरमध्ये येतच असतात. गुटखा आणि सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा जाड, कडक होते आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. तोंडात उभी तीन बोटं मावतात का, ही साधी तपासणी त्यासाठीच असते. एकच बोट मावत असेल, तर एलएमए आत जाणारच नाही.

इथे औषधाचा डोस वाढवून काही उपयोग नसतो. घाबरून आवळलेला जबडा गुंगीने सैल पडतो, पण हा जबडा चट्ट्यामुळे आखडलेला असतो. अशा पेशंटला आधी भरपूर गुंगी देणं उलट धोक्याचं, कारण श्वास मंदावला तर साधन घालायला वाटच नाही. म्हणून त्यांना जागं ठेवून, घसा बधिर करून, नाकातून दुर्बिणीच्या मदतीने नळी घालतात. जोरात घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या लठ्ठ पेशंटनाही आधीची गुंगी टाळतात किंवा अगदी थोडी देतात.

मग गुंगीचं औषध द्यावंच का?

काही वर्षांपूर्वीपर्यंत मोठ्या माणसांनाही ऑपरेशनआधी सरसकट गोळी दिली जायची. २०१५ मध्ये 'जामा' या नियतकालिकात फ्रान्समधला एक मोठा अभ्यास आला. १,०६२ पेशंटचे तीन गट केले होते. एकाला लोराझेपॅम, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी, तिसऱ्याला काहीच नाही. लोराझेपॅम घेतलेल्यांचं समाधान इतरांपेक्षा जास्त निघालं नाही. उलट ऑपरेशननंतर नळी काढायला त्यांना सरासरी १७ मिनिटं लागली, काहीच न घेतलेल्यांना १२. शुद्धीवर आल्यावर डोकं ताळ्यावर यायलाही त्यांना उशीर झाला. तेव्हापासून 'सगळ्यांना गोळी' ही पद्धत मागे पडत गेली. खूप घाबरलेल्या पेशंटला द्या, बाकीच्यांशी नीट बोला, असा आता कल आहे. मुलांच्या बाबतीत मोबाइलवरचं कार्टून किंवा आई सोबत असणं, यानेही बऱ्याचदा काम भागतं. आपल्याकडे प्रत्येक थिएटरमध्ये आईला आत येऊ देत नाहीत, हा भाग वेगळा.

डोस फार कमी करण्याचीही एक किंमत असते. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१४ च्या मोठ्या पाहणीत भूल चालू असताना मध्येच भान आल्याची तक्रार सुमारे १९,००० मागे एका पेशंटने केली होती. प्रमाण फार थोडं, आणि यातल्या बहुतेकांना स्नायू शिथिल करणारं औषध दिलेलं होतं. तरी 'आधी गुंगी दिलीय, आता कमीच देऊ' हा हिशोब डोळे मिटून का करत नाहीत, ते यावरून कळतं.

तपासणीला जाताना आणि घरी येताना

ऑपरेशनआधीच्या तपासणीला जाताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत. नावं तोंडी सांगण्यापेक्षा ते बरं. झोपेची गोळी शेवटची कधी घेतली, दारू, गांजा, तंबाखू, गुटखा, घोरणं, हलणारा दात, कवळी, गेल्या दोन आठवड्यांतली सर्दी, आणि घरात कुणाला आधी भुलेचा त्रास झाला होता का, हे सगळं सांगावं. अंडं किंवा सोयाबीनची ॲलर्जी असेल तर तीही. तेवढ्यावरून प्रोपोफॉल टाळावंच लागतं असं नाही, पण डॉक्टरांना माहीत असायला हवं. मुलाला आधी गुंगीचं औषध दिलं असेल, तर त्यानंतर त्याला एकटं चालू देऊ नये, कुशीत किंवा स्ट्रेचरवरच ठेवावं.

एलएमए काढल्यावर एक-दोन दिवस घसा खवखवू शकतो, आवाज थोडा बसू शकतो. ते आपोआप बरं होतं. श्वास घेताना घरघर होत असेल, गिळता येत नसेल किंवा तापही आला, तर मात्र हॉस्पिटलला लगेच फोन करावा.

सकाळी ऑपरेशन होऊन संध्याकाळी घरी सोडलेल्या माणसाला आपण पूर्ण शुद्धीत आहोत असं वाटतं. पण प्रोपोफॉल उतरलं, तरी आधीच्या गुंगीच्या औषधाचा अंमल रेंगाळलेला असू शकतो. म्हणून पुढचे २४ तास गाडी चालवू नये, दारू घेऊ नये, कागदपत्रांवर सह्या करू नयेत, असं डिस्चार्ज कार्डावर लिहितात. सोलापूर रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीत दुचाकीवर मागे बसून घरी जाणंही टाळावं. रिक्षा करावी, आणि सोबत एक मोठं माणूस असावं.